कॅल्शियम आणि ‘ड’ जीवनसत्त्व : मात्रा व वेळ यांचे महत्त्व

गर्भवती व स्तनदा मातांना कॅल्शियमच्या गोळ्या देणे हा भारतातील माता-आरोग्य कार्यक्रमाचा भाग आहे. केंद्रीय आरोग्य व कुटुंब कल्याण मंत्रालयाने २०१४ मध्ये यासंबंधी राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वे निश्चित केली. त्यांनुसार गर्भारपणाच्या चौदाव्या आठवड्यापासून प्रसूतीपर्यंत आणि त्यानंतर सहा महिने रोज दोन गोळ्या घ्यावयाच्या असतात. प्रत्येक गोळीत ५०० मिलिग्रॅम कॅल्शियम व ‘ड’ जीवनसत्त्वाची २५० एकके असतात. ज्यांच्या आहारात कॅल्शियम कमी असते, अशा स्त्रियांमध्ये या पूरक मात्रेमुळे गर्भावस्थेतील उच्च रक्तदाब व त्यातून उद्भवणारे झटके यांचा धोका कमी होतो. मातामृत्यूच्या प्रमुख कारणांत या विकाराची गणना होते.

म्हणजेच एका मातेला सुमारे वर्षभरात सातशेहून अधिक गोळ्या घ्याव्या लागतात. गोळ्या घरी पोहोचल्या म्हणजे उद्दिष्ट साध्य झाले, असे मात्र नाही. त्या कशा घेतल्या जातात, यावर त्यांचा उपयोग अवलंबून असतो.

लोह आणि कॅल्शियम : दोन तासांचे अंतर

याच काळात मातेला लोह व फोलिक आम्लाची गोळीही दिली जाते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार (२०१९-२१) देशातील ५२.२ टक्के गर्भवती स्त्रियांना रक्तक्षय होता. कॅल्शियम आतड्यातील लोहाच्या शोषणात अडथळा आणते. लक्षात राहावे म्हणून दोन्ही गोळ्या एकदमच घेतल्या, तर लोहाचा लाभ घटतो. म्हणून कॅल्शियमची एक गोळी सकाळच्या व दुसरी संध्याकाळच्या जेवणाबरोबर घ्यावी आणि लोहाची गोळी त्यानंतर किमान दोन तासांनी, उदाहरणार्थ रात्री झोपताना, घ्यावी. कॅल्शियमची दिवसाची संपूर्ण मात्रा एकाच वेळी घेऊ नये; शरीर एका वेळी मर्यादित कॅल्शियमच शोषू शकते.

थायरॉईडची गोळी आणि कॅल्शियम यांत चार तासांचे अंतर आवश्यक असते. टेट्रासायक्लीन व सिप्रोफ्लॉक्सासिन या प्रतिजैविकांचा परिणामही कॅल्शियममुळे कमी होतो. मूतखड्याचा किंवा मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी वैद्यकीय सल्ल्याशिवाय या गोळ्या सुरू करू नयेत.

अतिरेकाचा धोका

गर्भवतींखेरीज इतर अनेक प्रौढ व्यक्ती औषधांच्या दुकानातून परस्पर गोळ्या आणतात. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या शिफारशींनुसार प्रौढ व्यक्तीला रोज १,००० मिलिग्रॅम कॅल्शियम व ‘ड’ जीवनसत्त्वाची ६०० एकके लागतात. यातील कॅल्शियमच्या आकड्यात आहारातून मिळणारा वाटाही धरलेला आहे. दूध, दही, तीळ व नाचणी यांतून तो बऱ्याच अंशी भरून निघू शकतो. शंभर ग्रॅम नाचणीत सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असते. गोळीने भरून काढावयाची असते ती उरलेली तूटच.

वेष्टनावरील आकडाही नीट वाचला पाहिजे. १,२५० मिलिग्रॅम कॅल्शियम कार्बोनेटमध्ये प्रत्यक्ष कॅल्शियम ५०० मिलिग्रॅमच असते.

सर्वांत गंभीर चूक ‘ड’ जीवनसत्त्वाच्या ६०,००० एककांच्या पुड्या व कॅप्सूल यांबाबत होते. कमतरता असलेल्या रुग्णाला ही मात्रा सामान्यतः आठवड्यातून एकदा, ठरावीक मुदतीपुरतीच दिली जाते. ती रोज किंवा महिनोन् महिने घेतल्यास हे मेदविद्राव्य जीवनसत्त्व शरीरात साठत जाते आणि रक्तातील कॅल्शियम धोकादायक पातळीपर्यंत वाढू शकते. मळमळ, उलट्या, बद्धकोष्ठ, अतिशय तहान, वारंवार लघवी व गोंधळलेपणा ही त्याची लक्षणे होत. अशा वेळी औषध थांबवून त्वरित डॉक्टरांकडे जावे. विलंब झाल्यास मूत्रपिंडाला इजा होऊ शकते.

पूरक औषधांवरील सार्वजनिक आणि कौटुंबिक खर्च सत्कारणी लागावयाचा असेल, तर गोळीबरोबर तिची मात्रा, वेळ आणि मुदत यांची माहिती दिली जाणे अगत्याचे आहे. आशा कार्यकर्ती, परिचारिका व औषधविक्रेते यांनी ती प्रत्येक वेळी सोप्या शब्दांत सांगितली, तर फारसा वाढीव खर्च न करताही या कार्यक्रमाचे फळ मातेपर्यंत खऱ्या अर्थाने पोहोचेल.