कानाचं मशीन ‘चांगलं’ आहे हे कसं ठरवायचं?

“आजोबांना कानाचं मशीन घ्यायचंय, कोणतं चांगलं?” पीएचडी करतेय म्हटलं की असे प्रश्न येतातच. मी उलट विचारते, चांगलं म्हणजे काय? संशोधनाच्या भाषेत, तुमचा आउटकम कोणता?

आधी मशीन काय करतं ते बघू. वयामुळे ऐकू कमी येतं तेव्हा बहुतेक वेळा आतल्या कानातल्या केसपेशी खराब झालेल्या असतात. मशीन आवाज मोठा करतं, पण गेलेल्या पेशी परत आणत नाही. त्यामुळे शांत खोलीत समोरासमोर बोलताना चांगला फरक पडतो, पण मंगल कार्यालयाच्या गोंगाटात महागडं मशीनही कमी पडतं.

आता एक अभ्यास पाहू. अमेरिकेतल्या इंडियाना विद्यापीठातले लॅरी ह्यूम्स आणि सहकाऱ्यांनी 2017 मध्ये एक डबल-ब्लाइंड चाचणी प्रसिद्ध केली. 55 ते 79 वयाचे 154 जण, तीन गट. पहिल्या गटाला ऑडिओलॉजिस्टने मशीन नीट सेट करून दिलं. दुसऱ्याने आधीच सेट केलेल्या मशिन्समधून स्वतः निवडलं. तिसऱ्याला प्लासिबो, म्हणजे दिसायला तसंच, पण आवाज न वाढवणारं मशीन.

सहा आठवड्यांनी मशीन ठेवून घ्यायला किती जण तयार होते? अनुक्रमे 81, 55 आणि 36 टक्के.

या आकड्यांतून दोन गोष्टी कळतात. एक, आवाज न वाढवणारं मशीनही तिसऱ्या गटातल्या एक तृतीयांशाहून जास्त लोकांना ठेवावंसं वाटलं! म्हणजे ‘आवडलं’ हा एकटा पुरावा पुरत नाही. दोन, पहिल्या दोन्ही गटांना फायदा झाला, तरी समाधान सारखं नव्हतं. मशीनइतकंच ते बसवून देणाऱ्याच्या कामालाही महत्त्व आहे.

मग मोजायचं कसं? ऑस्ट्रेलियात हार्वे डिलन आणि सहकाऱ्यांनी 1997 मध्ये कोसी नावाची सोपी पद्धत मांडली. मशीन वापरण्याआधी माणसाने स्वतःला अडचणीचे वाटणारे जास्तीत जास्त 5 प्रसंग सांगायचे. नंतर त्याच प्रसंगांत किती फरक पडला ते तपासायचं. ‘नीट ऐकू यावं’ हे मोजता येत नाही. ‘फोनवर नातीचं बोलणं कळावं’ हे मोजता येतं.

म्हणून किंमत विचारण्याआधी आजोबांसोबत बसून ही यादी करा. ऑडिओलॉजिस्टला दाखवा. यातलं काय जमेल, काय नाही, ते स्पष्ट विचारा. काही दिवस वापरून बघायला मिळेल का आणि नंतर सेटिंग बदलून मिळेल का, हेही विचारा. हे न करता घेतलेलं मशीन बरेचदा कपाटात पडून राहतं.

तुमच्या प्रपोजललाही हाच नियम लागू होतो. यश कशाला म्हणायचं ते डेटा हातात येण्याआधी लिहून ठेवा. नंतर ठरवायला गेलात, तर जे मिळालं तेच यश वाटायला लागतं.