दिव्याचे तेज आणि डिमरची मर्यादा

दिवा मंद करून ठेवावा ही इच्छा काही विजेबरोबर जन्माला आलेली नाही. कंदिलाची चावी फिरवून वात खाली घेणे, निजतेवेळी समईची एकच वात ठेवणे ही घरोघरची पूर्वापार रीत होती. विजेच्या दिव्याला मात्र लागणे आणि विझणे अशा दोनच अवस्था उरल्या. ही उणीव डिमरने भरून काढली. नाटकगृहांतून अशी साधने पूर्वीपासून होती. परंतु भिंतीवरील स्विचच्या जागी मावेल असा छोटा डिमर अमेरिकेत जोएल स्पायरा यांनी १९५९ च्या सुमारास सिद्ध केला, आणि पुढे तो सामान्य घरांतही शिरला.

डिमर म्हणजे विजेचा नळ, अशी पुष्कळांची समजूत असते. वस्तुस्थिती थोडी निराळी आहे. आपल्याकडील घरगुती वीज सेकंदाला पन्नास आवर्तने करते; म्हणजे तिच्या शंभर अर्धलहरी होतात. डिमर प्रत्येक अर्धलहरीचा काही भाग अडवून धरतो आणि उरलेला दिव्याकडे सोडतो. ही उघडझाप इतकी जलद चालते की डोळ्यांना फक्त प्रकाश उणा झालेला दिसतो.

हे काम करताना डिमर स्वतः तापतो. प्रवाह वाहत असताना त्याच्या अंतर्भागात सुमारे एक ते दीड व्होल्ट खर्ची पडतात. चारशे वॅटचे दिवे २३० व्होल्टवर पावणेदोन अँपिअर प्रवाह घेतात. म्हणजे डिमरच्या पोटात दोन वॅटच्या आसपास उष्णता निर्माण होते. आकडा क्षुल्लक वाटतो खरा. पण भिंतीतील बंद पेटीत वारा खेळत नाही आणि ही उष्णता तासन्तास साचत राहते. डिमरवर छापलेली वॅटची मर्यादा मुख्यतः या उष्णतेसाठी असते.

एक उदाहरण घ्यावे. गोव्यातील एखाद्या जुन्या घराच्या दिवाणखान्यात आठ दिव्यांचे झुंबर आहे आणि प्रत्येक दिवा साठ वॅटचा आहे. एकूण भार झाला ४८० वॅट. बाजारातून आणलेला डिमर ४०० वॅटचा. घरधनी म्हणतो, ‘दिवे तर मंदच ठेवायचे आहेत, मग भार कोठून वाढणार?’ चूक होते ती येथेच. कधीतरी पाहुणे येतात, कोणीतरी बटण पुरते फिरवतो आणि डिमरवर पूर्ण भार पडतो. म्हणून हिशेब नेहमी पूर्ण तेजाचाच करावा. साठऐवजी चाळीस वॅटचे दिवे लावले तर बेरीज ३२० होते आणि मर्यादेच्या आत पुरेसा अवकाश राहतो.

‘भार जास्त झाला तर फ्यूज जाईलच,’ हा दुसरा भ्रम. सहा अँपिअरचा फ्यूज सुमारे १३८० वॅटपर्यंतचा भार निमूटपणे सोसतो. तो तारांचे रक्षण करतो, डिमरचे नव्हे. ४८० वॅटने डिमर करपू लागला तरी फ्यूजला त्याची वार्ताही नसते.

एलईडी दिव्यांचा हिशेब आणखी वेगळा आहे. नऊ वॅटचे चाळीस दिवे म्हणजे ३६० वॅट, तेव्हा चारशेच्या डिमरवर ते चालतील, असे समजू नये. या दिव्यांतील विद्युत्मंडल प्रत्येक अर्धलहरीत प्रवाहाचा एकदम झटका घेते. म्हणून एलईडीसाठी डिमरवर बहुधा निराळा आणि बराच लहान आकडा दिलेला असतो. तोच प्रमाण मानावा. उलट, भार फारच थोडा असला तर दिवा लुकलुकतो. शिवाय दिव्यावर ‘डिमेबल’ असे लिहिलेले असणे आवश्यक आहे. पंखा किंवा चोक असलेली ट्यूबलाइट दिव्याच्या डिमरवर कदापि जोडू नये. पंख्याला पंख्याचाच रेग्युलेटर हवा.

डिमर बसवण्याचे काम परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्यावे. आधी मेन स्विच बंद करून टेस्टरने खात्री करावी. डिमर फेजच्या तारेवरच असावा. एकाच पेटीत दोन-तीन डिमर शेजारी बसवले तर ते एकमेकांना तापवतात. अशा वेळी उत्पादकाने सांगितल्याप्रमाणे प्रत्येकाची मर्यादा कमी धरावी. दिवा बदलताना केवळ डिमर विझवून भागत नाही, कारण काही डिमर बंद असतानाही होल्डरपर्यंत वीज पोहोचू देतात.

डिमर किंचित कोमट लागणे स्वाभाविक आहे. परंतु हात ठेववत नाही इतका तो तापला, मोठ्याने गुणगुणू लागला किंवा जळका वास आला, तर तत्काळ मेन स्विच बंद करावा. जुन्या घरांतील विजेचे फलक पुष्कळदा लाकडी असतात, हेही ध्यानात ठेवावे.

अंथरूण पाहून पाय पसरावे, असे वडीलधारी माणसे सांगत आली आहेत. डिमरचे अंथरूण किती, हे त्याच्यावरच छापलेले असते. दुकानातून तो घरी आणण्यापूर्वी आपल्या दिव्यांची बेरीज करण्यास दोन मिनिटे पुरतात.