रेघ आडवी झाली म्हणजे हृदय थांबलं का?

1924 साली लायडनच्या विलेम आइंथोव्हेन यांना ईसीजीची यंत्रणा उलगडल्याबद्दल नोबेल पारितोषिक मिळालं. त्याच वर्षी स्वामी कुवलयानंदांनी लोणावळ्यात कैवल्यधाम स्थापन केलं आणि ‘योगमीमांसा’ हे नियतकालिक सुरू केलं. योगाचे दावे यंत्रावर तपासून घ्यायचे, हा त्यांचा आग्रह होता. त्यामुळे ईसीजीचं यंत्र कधी ना कधी बोरघाट चढून लोणावळ्याला येणारच होतं.

आधी 1935 साली तेरेझ ब्रॉस या फ्रेंच हृदयतज्ज्ञ बाई सुटसुटीत ईसीजी यंत्र घेऊन भारतात आल्या. इच्छेनुसार हृदय थांबवतो म्हणणाऱ्या योग्याचा आलेख त्यांनी काढला. त्यातल्या लहरी काही सेकंद जवळजवळ नाहीशा झालेल्या दिसत होत्या. ही गोष्ट पुढे जगभर सांगितली गेली, आपल्याकडे तर मीठमसाला लावून.

1957 साली अमेरिकेतले वेंगर आणि बागची, दिल्लीच्या ‘एम्स’मधले आनंद यांच्यासह, हे कोडं सोडवायला निघाले. कैवल्यधाम हा बागची-वेंगर यांच्या अभ्यासदौऱ्यातला एक प्रमुख मुक्काम. देशातल्या निरनिराळ्या ठिकाणच्या चार साधकांवर केलेल्या चाचण्यांचा निष्कर्ष ‘सर्क्युलेशन’ या नियतकालिकात 1961 साली आला. तिघांची पद्धत सारखी होती : श्वास कोंडायचा, कंठ बंद करायचा, छाती-पोटाचे स्नायू आवळायचे. त्याने छातीतला दाब वाढतो, हृदयाकडे परतणारं रक्त घटतं, मनगटाची नाडी बोटाला लागेनाशी होते, स्टेथोस्कोपमधले ठोके क्षीण होतात. ईसीजी मात्र चालूच होता. चौथ्या साधकाने हृदयाची गती मंदावून दाखवली, तीही स्नायूंच्या मदतीने.

मग ब्रॉसबाईंच्या कागदावर रेघ का आडवी पडली? चाचण्यांत जोर लावल्यावर हृदयाचा विद्युत-अक्ष, म्हणजे त्यातल्या विद्युतलहरीची एकूण दिशा, उजवीकडे झुकल्याचं दिसलं. ईसीजीची प्रत्येक लीड हृदयाकडे एकाच दिशेने पाहते. काठी सूर्याकडे रोखून धरली की तिची सावली ठिपक्याएवढी होते, काठी आखूड होत नाही, तसंच हे. अक्ष एखाद्या लीडशी काटकोनात आला की त्या लीडमधली लहर दबते. शेजारची लीड पाहिली तर हृदय जोमात चाललेलं दिसतं. आज आपण बारा लीड काढतो त्या यासाठीच. आयसीयूच्या मॉनिटरवरची एकुलती एक हिरवी रेघ पाहून जीव मुठीत धरणाऱ्या नातेवाइकांना हे कुणीतरी सांगायला हवं. पुष्कळदा तिथे नुसता चिकटवलेला इलेक्ट्रोड सुटलेला असतो.

आइंथोव्हेन यांचं पहिलं यंत्र पावणेतीनशे किलोच्या घरात होतं आणि चालवायला पाच माणसं लागत. पण त्यांनी आलेखातल्या लहरींना दिलेली पी-क्यू-आर-एस-टी ही नावं टिकली, आणि कागदाचा संकेतही पुढे पक्का झाला : सेकंदाला 25 मिलिमीटर, एका मिलिव्होल्टला 10 मिलिमीटर. लहान चौकोन म्हणजे 0.04 सेकंद, मोठा 0.2. दोन शिखरांमधले मोठे चौकोन मोजा, 300 ला त्याने भागा, मिनिटाचे ठोके हाती. मोजपट्टी कागदावरच छापलेली.

पडद्याने ही सोय मोडली. 15 इंची आणि 24 इंची पडद्यावर तोच आलेख वेगळ्या लांबी-रुंदीचा दिसतो. मोबाइलवर दोन बोटांनी ताणला की मिलिमीटरला काही अर्थच उरत नाही. त्याहून छुपी अडचण चित्र काढण्याच्या रीतीत आहे. यंत्र सेकंदाला 500 नमुने घेत असेल आणि पडद्यावर त्या सेकंदाच्या वाट्याला जेमतेम शंभर ठिपके येत असतील, तर पाचांतले चार नमुने जातात कुठे? आळशी प्रोग्रॅम ते सरळ गाळतो. मग एकाच पेशंटची आर-शिखरं उगाच उंच-बुटकी दिसतात आणि पेसमेकरची बारीक सुई गायब होऊ शकते. यावर उपाय साधा आहे : प्रत्येक उभ्या ओळीत त्या क्षणांतलं सर्वांत वरचं आणि सर्वांत खालचं मूल्य जोडून रेघ ओढायची. त्यासाठी महागडं यंत्र लागत नाही, नीट विचार केलेला प्रोग्रॅम लागतो.

फिल्टरचंही तसंच. मॉनिटरवर रेघ डोलू नये म्हणून 0.5 हर्ट्झच्या खालचं सगळं कापतात. निदानाच्या ईसीजीत मर्यादा 0.05 हर्ट्झ असते. जास्त कापलं की रेघ देखणी होते, पण एस आणि टी यांमधला भाग खोटा वर-खाली सरकू शकतो, आणि हार्ट अ‍ॅटॅकचं निदान तर त्याच एक-दोन मिलिमीटरवर ठरतं. देखण्या रेघेपेक्षा थोडी थरथरणारी पण खरी रेघ मला पसंत आहे. मोजमापाच्या खुणाही चित्राच्या ठिपक्यांवर न टेकता मूळ नमुन्यांवर टेकल्या पाहिजेत. चौकोन आणि लहर एकत्रच लहानमोठे व्हावेत. वेग, उंची, फिल्टर कोपऱ्यात लिहिलेले असावेत.

लोणावळ्याभोवतालच्या मावळात हे पुस्तकी राहत नाही. पवन मावळ, नाणे मावळ, आंदर मावळ या खोऱ्यांतून पेशंट कामशेत, वडगाव, लोणावळ्याच्या दवाखान्यांत किंवा तळेगावच्या मोठ्या रुग्णालयांत येतो. अँजिओप्लास्टीसाठी अनेकदा पुढे पिंपरी-चिंचवड नाहीतर पुणं गाठावं लागतं. पहिला ईसीजी पोचल्यापासून दहा मिनिटांत निघावा, हा जगभरचा दंडक. तो निघतो, आणि मोबाइलवर फोटो काढून व्हॉट्सअ‍ॅपने तज्ज्ञाकडे जातो. तिरका फोटो, कागदावर ट्यूबलाइटची चकाकी, वर पाठवताना आक्रसलेलं चित्र. इतक्यातून एका मिलिमीटरचा उठाव कसा दिसावा? वास्तविक ट्रॉम्ब्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्राने तळहातावर मावणारं, मोबाइलला जोडता येणारं बारा लीडचं टेली-ईसीजी यंत्र कधीच तयार केलं आहे. त्यात लहर मोबाइलवर थेट नोंदली जाते, कागदाच्या फोटोची गरज पडत नाही. अशा यंत्रांचा प्रसार खोऱ्याखोऱ्यांत व्हायला हवा, तो अजून पुरेसा झालेला नाही.

तोवर वाचकांना विनंती. घरातल्या कुणाचा ईसीजी पुढे पाठवायची वेळ आली तर यंत्रातून निघालेली मूळ पीडीएफ मागा आणि ती ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा. फोटोच काढायचा असेल तर कागद सपाट ठेवा, मोबाइल बरोबर वर धरा, आणि पट्टीवरची दहा मिलिमीटर उंचीची चौकोनी खूण व ‘25 मिमी/सेकंद’ ही अक्षरं फोटोत आली आहेत ना, हे पाठवण्याआधी बघा.