फळाचा लोभ आणि कामाचा लळा

निष्काम कर्माचा विषय निघाला कीं एक शंका हटकून विचारली जाते: फळाची आशा सोडली तर काम मन लावून होईल कसें? वर्गांत आम्हीं तिला पोथींतलें उत्तर देत आलों. खरें उत्तर मात्र उतारवयांत, रानशेतीं राहावयास आल्यावर मिळालें.

याच डहाणू तालुक्यांत कोसबाडची टेकडी आहे. ताराबाई मोडक यांनीं १९४५ सालीं बोर्डीस ग्राम बाल शिक्षा केंद्र काढलें. अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. १९५७ सालीं तें कार्य कोसबाडला आलें. पाड्यांवरील मुलें शाळेंत येत नसत. कोणाकडे गुरें, तर कोणाच्या कडेवर धाकटें भावंड. ‘यांना शिक्षणाची गोडीच नाहीं,’ असें म्हणून दुसरा कोणी मोकळा झाला असता. या बायांनीं शाळाच अंगणांत नेली, गुरांमागें कुरणांत नेली. अंगणवाडी व कुरणशाळा हीं त्या खटपटीचीं नांवें होत. ताराबाईंना १९६२ सालीं पद्मभूषण व अनुताईंना पुढें पद्मश्री मिळाली. परंतु पहिलें मूल अंगणांत येऊन बसलें, तेव्हां या मानाचा मागमूसही नव्हता.

आमची गोष्ट याच्या उलट. एका हुशार विद्यार्थ्यास संस्कृतची शिष्यवृत्ति मिळावी म्हणून आम्हीं त्यास वर्षभर पहांटे घरीं शिकविलें. ती हुकली, आणि आम्ही आठ दिवस त्याच्याशीं बोललों नाहीं. यास आम्ही माया समजत होतों. वस्तुतः नांव व्हावें तें त्याचें नव्हे, आमचें, हाच लोभ होता. पुढील वर्षीं त्यानें संस्कृत सोडलें.

गीतेच्या अठराव्या अध्यायांत सात्त्विक कर्त्याचें वर्णन आहे. तो संगरहित व निरहंकार असतो, हें सर्वांच्या ध्यानीं राहतें. तो धृति व उत्साह यांनींही युक्त असतो, हें आपण विसरतों. लोकमान्यांनीं १९१५ सालीं प्रसिद्ध झालेल्या गीतारहस्यांत कर्मत्यागाचा नव्हे, कर्मयोगाचाच पक्ष मांडला. अनासक्ति म्हणजे बेफिकिरी नव्हे. ज्याला यशाच्या एकाच रूपाचा हट्ट नाहीं, त्यालाच अपयश आल्यावर नवी वाट सुचते.

मुलांचे निकाल लागतील त्या दिवशीं वडील मंडळींनीं आपल्या मनास एवढेंच विचारावें: आपल्याला दुःख झालें तें मुलाचें कीं आपल्या मानाचें? पहिलें असेल तर मुलास जवळ घ्यावेंसें वाटेल. दुसरें असेल तर राग येईल. त्या रागानें आमचा एक विद्यार्थी गेला, हें आम्ही विसरलों नाहीं.