दुष्काळी कामातून उभा राहिलेला राजवाडा

राजस्थानातील जोधपूर शहरात चित्तर टेकडीवर उभे असलेले उम्मेद भवन आज देशातील अत्यंत महागड्या हॉटेलांपैकी एक म्हणून ओळखले जाते. तथापि, या वैभवशाली वास्तूचा पाया घातला गेला तो दुष्काळग्रस्तांच्या हातांना काम मिळावे म्हणून. दुष्काळी कामांची ओळख असलेल्या महाराष्ट्राला ही हकिगत उद्बोधक वाटेल.

हातांना काम

१९२० नंतरच्या दशकात मारवाडात लागोपाठ अवर्षण पडले. शेतकऱ्यांना रोजगार मिळावा म्हणून महाराजा उम्मेदसिंह यांनी नव्या राजवाड्याचे काम हाती घेतले. १९२९ साली पायाभरणी झाली आणि १९४३ साली वास्तू पूर्ण झाली. आराखडा इंग्रज वास्तुविशारद हेन्री लँचेस्टर यांचा होता. दोन ते तीन हजार मजूर या कामावर होते. टेकडीच्याच नावाने ओळखला जाणारा पिवळसर वालुकाश्म घडवून, चिरे खाचांनी एकमेकांत गुंतवून भिंती रचण्यात आल्या. एकूण दालने ३४७. आतील काही भित्तिचित्रे स्टेफान नॉर्ब्लिन या पोलिश चित्रकाराने रंगविली.

महाराष्ट्रातही १९७२ च्या दुष्काळात लाखो स्त्रीपुरुष कामावर आले. त्या अनुभवातून रोजगार हमीचा १९७७ चा कायदा साकारला. मात्र दोहोंत मूलभूत भेद आहे. जोधपूरचे काम राजाच्या इच्छेवर अवलंबून होते आणि त्यातून निर्माण झालेली मत्ता राजघराण्याची राहिली. रोजगार हमीत काम हा मागणाऱ्याचा हक्क ठरला आणि पाझर तलाव, बंधारे, रस्ते ही मत्ता गावाची झाली.

वास्तूचा दुसरा जन्म

संस्थाने विलीन झाली. १९७१ च्या सव्विसाव्या घटनादुरुस्तीने संस्थानिकांचे तनखेही बंद झाले. एवढ्या मोठ्या वास्तूची देखभाल करणे कोणत्याही कुटुंबास जड जावे, असा तो काळ होता. त्याच दशकात उम्मेद भवनाचा काही भाग हॉटेलात रूपांतरित करण्यात आला. आज एका भागात राजघराण्याचे निवासस्थान, दुसऱ्या भागात हॉटेल आणि तिसऱ्या भागात वस्तुसंग्रहालय आहे. हॉटेलातील मुक्काम सामान्य माणसाच्या आवाक्याबाहेरचा असला, तरी संग्रहालयाचे तिकीट काढून कोणीही प्रवेश करू शकतो. ज्यांच्या पूर्वजांनी ते चिरे वाहिले, त्यांना वास्तूचे दार पूर्णपणे बंद झाले नाही, ही त्यातील जमेची बाजू होय.

आपल्या वाड्यांसाठी बोध

वापरात नसलेली इमारत लवकर खचते. कौले फुटतात, पाणी मुरते, भिंतींत पिंपळ रुजतो. म्हणून जुन्या वास्तूस योग्य उपयोग मिळवून देणे हा तिच्या रक्षणाचा एक खात्रीचा मार्ग आहे. परंतु त्यास काही मर्यादा पाळणे आवश्यक आहे. संरक्षित स्मारकात पुरातत्त्व विभागाच्या परवानगीवाचून कोणताही फेरफार करता येत नाही. चुन्याच्या भिंतीवर सिमेंटचा गिलावा चढविल्यास आतील ओल कोंडते व दगड झिजू लागतो. तेथे चुन्याचेच काम हवे. न्हाणीघरे, नळ व विजेच्या तारा यांची जोडणी मूळ बांधकाम न तोडता, पुढे काढता येईल अशा रीतीने करावी.

प्रत्येक वाडा हॉटेल होऊ शकत नाही, तसे होण्याची गरजही नाही. एखाद्या गढीत वाचनालय, चावडीत ग्रामसंग्रहालय किंवा वाड्यात प्रवाशांसाठी चार खोल्यांची सोय होऊ शकेल. असा प्रस्ताव ग्रामसभेपुढे येईल तेव्हा तीन प्रश्न अवश्य विचारले जावेत: मूळ वास्तू शाबूत राहील काय? गावातील गवंडी, सुतार व तरुणांना काम मिळेल काय? आणि वास्तूचा काही भाग सर्वांसाठी खुला राहील काय? तिन्ही प्रश्नांची उत्तरे होकारार्थी असतील, तरच जुन्या वास्तूचे नवे आयुष्य गावाच्याही उपयोगी पडेल.