परसातील ससे : जात निवडताना आणि पाळताना

मिस्सा आटोपून बाहेर आलो की हल्ली एक प्रश्न हमखास कानी पडतो : "फादर, ससे पाळावेत का?" कारण उघड आहे. ससे विकणारे काही एजंट आपल्या खानापूर भागातील वाड्यावस्त्यांतून फिरून गेले. 'पिंजऱ्यासकट ससे घ्या, पिल्ले आम्हीच विकत नेऊ,' अशी त्यांची बोली. आपल्यातील एका कुटुंबाने दागिने गहाण ठेवून ससे घेतले. पिल्ले झाली, पण न्यायला कोणी आले नाही. त्या माउलीचे रडणे आम्ही ऐकले आहे. म्हणून हे चार शब्द.

आमचे म्हणणे असे की ससे जरूर पाळावेत, पण आधी घरच्या ताटासाठी. एक नर व तीन माद्या पुरेत. मादीची वर्षाला चार वेते व दर वेताला पाच पिल्ले जगतील असे धरले, तर साठ पिल्ले होतात. तीन महिन्यांचे पिल्लू साधारण दोन किलो भरते व त्यातून किलोभर मांस मिळते. म्हणजे आठवड्याला किलोभर मांस घरातच झाले. या मांसात प्रथिने भरपूर व चरबी कमी असते. विक्रीचा विचार असेल तर गिऱ्हाईक व परवाना यांची चौकशी आधी करावी, ससे नंतर आणावेत.

कोणती जात?

मांसासाठी 'न्यूझीलंड व्हाईट' ही जात नवख्याला बरी. नाव न्यूझीलंडचे असले तरी ही जात अमेरिकेत तयार झाली. रंग पांढरा, डोळे लाल, वजन चार ते पाच किलो. मादी पिल्लांना चांगली सांभाळते. 'कॅलिफोर्नियन' पांढराच, पण नाक, कान, पाय व शेपूट काळी. 'सोव्हिएत चिंचिला' राखाडी व भरदार. अंगाने फार मोठ्या जातींचे पाय जाळीवर सोलतात. त्यांना बसायला फळी द्यावी. लोकरीचा 'अंगोरा' मात्र आणू नये. तो हिमाचलसारख्या थंड मुलखातला. आपला उन्हाळा त्याला सोसत नाही.

नर व माद्या एकाच वेतातील घेऊ नयेत. भावंडांची संतती दुबळी निघते. रानातला ससा तर पकडूच नये. त्याची जात वेगळी, तो पिंजऱ्यात तगत नाही, आणि १९७२ च्या वन्यजीव कायद्याने त्याला संरक्षण आहे.

ऊन हा मोठा वैरी

आमची चूक सांगतो. पहिल्या वर्षी आम्ही पिंजरे पत्र्याखाली ठेवले. एप्रिलच्या एका दुपारी सहापैकी चार ससे मेले. सशाला घाम येत नाही. अंगातली उष्णता तो मुख्यतः कानांवाटे बाहेर टाकतो. फार उष्म्यात नराची प्रजननशक्तीही मंदावते. आता पिंजरे फणसाच्या सावलीत आहेत. वर गवताचे छप्पर, दुपारी भोवती ओले गोणपाट, आणि पाणी सदैव भरलेले.

चारा आणि वेत

हिरवा चारा, लसूणघास, पांगाऱ्याची पाने आणि थोडा भरडा द्यावा. चारा कापून, सुकवून घ्यावा. दवाने भिजलेला दिल्यास पोट फुगते. ससा स्वतःची मऊ लेंडी खातो, तो रोग नव्हे, त्याची पचनाची रीतच तशी.

पाच-सहा महिन्यांची मादी नराच्या पिंजऱ्यात न्यावी; नराला तिच्याकडे नेल्यास ती भांडते. गर्भकाळ एक महिन्याचा. अठ्ठाविसाव्या दिवशी आत लाकडी खोके व सुके गवत ठेवावे. मादी पिल्लांना दिवसातून एकदाच, तेही काही मिनिटेच पाजते. ती पाजत नाही असे समजून पिल्ले वारंवार हाताळू नयेत. दहा-बारा दिवसांत त्यांचे डोळे उघडतात. पाचव्या आठवड्यात ती आईपासून वेगळी करावीत.

आजार

कानात खपल्या दिसल्या तर ती खरूज. पिल्लांना हगवण लागली तर पिंजरा कोरडा व स्वच्छ करून लगेच पशुवैद्याकडे जावे. घरातली माणसांची कॅप्सूल देऊ नये. काही प्रतिजैविके तोंडावाटे दिल्यास ससा दगावतो. सशाच्या अंगावरचा गजकर्ण मुलांनाही लागतो, तेव्हा हात साबणाने धुवावेत.

काही जण विचारतात, जुन्या करारात ससा अशुद्ध म्हटला आहे ना? होय, लेवीय अकराव्या अध्यायात तसे आहे. पण प्रेषितांच्या कृत्यांतील दहाव्या अध्यायात पेत्राला झालेला दृष्टान्त वाचावा. तो निर्बंध आपल्यावर नाही. मुक्या जिवाला उन्हात, तहानलेले ठेवणे हे मात्र पाप आहे.

दागिने कपाटातच राहू द्यावेत, ससे चारच आणावेत. वर्षभर ते नीट सांभाळले गेले, की पाचव्याचा विचार करावा.