गणरायापुढील व्यासपीठ

भाद्रपद शुद्ध चतुर्थी जवळ आली, की आमच्या पेठेत मांडवाचे वासे उतरू लागतात आणि त्याच सुमारास मंडळाच्या बैठकीत एक जुना प्रश्न नव्याने निघतो : यंदा व्याख्यानांस कोणास बोलवावे? मूर्ती ठरलेली असते, गुरुजी ठरलेले असतात, प्रसादाचा शिराही ठरलेला असतो. ठरत नाही तो वक्ता. कोणी म्हणतो नगरसेवक हवेत, कोणी म्हणतो पालिकेचे अधिकारी, कोणी एखाद्या कारखानदाराचे नाव सुचवितो. वक्त्यांची नावे निघतात तेव्हा त्यांच्याकडून काय ऐकावयाचे याची चर्चा क्वचितच होते, आणि खरी उणीव येथेच आहे असे आम्हांस वाटते.

देवापुढे बसून लोककारणाची चर्चा करणे ही आपल्याकडे आधुनिक काळाने आणलेली भेसळ आहे, असे काही श्रद्धाळू मंडळी अजून मानतात. त्यांनी पर्वतीची हकीकत आठवून पाहावी. पुण्याच्या पर्वती देवस्थानच्या व्यवस्थेविषयी लोकांत असंतोष होता आणि त्याची दाद लावण्याच्या खटपटीतून १८७० साली पुण्याची सार्वजनिक सभा उभी राहिली. या सभेत बसावयाचे, तर किमान ५० प्रौढ माणसांचे मुखत्यारपत्र आणावे लागे. म्हणजे लोकांच्या वतीने बोलण्याचा हक्क आधी लोकांकडून लिहून घ्यावा लागे. मग बोलावयाचे. देवाच्या दप्तराचा हिशेब मागावयास निघालेली माणसे पुढे सरकारकडे शेतसाऱ्याचा आणि दुष्काळाचा जाब मागू लागली. देवघर आणि चावडी यांच्यामधली भिंत आपल्याकडे कधीच फार जाड नव्हती.

त्याच सभेच्या वर्तुळातील न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे त्या वेळी सरकारी न्यायखात्यात नोकरीस होते. सरकारचे मीठ खाणाऱ्या या गृहस्थाने पुणेकरांपुढे देशी व्यापाराच्या ऱ्हासावर व्याख्याने दिली आणि १८७५ साली वसंत व्याख्यानमालेचा पाया घातला. सार्वजनिक काका, म्हणजे गणेश वासुदेव जोशी, यांनी स्वदेशीचे व्रत घेतले आणि हाताने कातलेल्या सुताचा पोशाख अंगावर चढविला, तो याच वातावरणात. त्याच पोशाखात ते १८७७ च्या दिल्ली दरबारास गेले. ऐकलेले व्याख्यान घरी नेऊन अंगावर घालावे, याहून वक्त्याचा अधिक मोठा सत्कार कोणता? शाल आणि श्रीफळ यांचा भाव तेव्हा एवढा चढलेला नव्हता.

पुढे १८९३ पासून गणेशोत्सवाला सार्वजनिक रूप येऊ लागले. लोकमान्यांनी १८९४ साली विंचूरकर वाड्यात उत्सव मांडला, १८९६ मध्ये ‘केसरी’तून राष्ट्रीय उत्सवांच्या आवश्यकतेवर लिहिले, आणि मंडप ही आरतीबरोबरच विचाराचीही जागा झाली. मुंबईत गिरगावच्या केशवजी नाईक चाळीतील उत्सवास ते १९०१ साली आले होते. त्याच गिरगावातील शांताराम चाळीच्या अंगणात होमरूलच्या दिवसांत थोर पुढाऱ्यांच्या सभा भरत. त्या चाळींतील गॅलऱ्या आम्हांस नेहमी फार बोलक्या वाटतात. खाली पुढारी बोलत आहे आणि वर तीन मजल्यांवरून, लुगड्याचा पदर सावरीत, कडेवर मूल घेऊन बायका ऐकत आहेत. तिकीट नाही, आमंत्रण नाही. घराचा उंबरठा न ओलांडता देशाचे राजकारण घरात येत होते.

असो. इतिहास सांगणे सोपे असते. स्वतःच्या मंडळाचा इतिहास सांगणे तितके सोपे नसते.

१९७२ चा दुष्काळ ज्यांनी पाहिला त्यांना ‘मिलो’ हा शब्द सांगावा लागत नाही. परदेशातून आलेली ती तांबडी ज्वारी रेशनच्या दुकानात मिळे आणि तिची भाकरी थापताना सुगरणीही रडकुंडीस येत. १९७३ च्या उत्सवात आमच्या मंडळाने शिधावाटप खात्यातील एका अधिकाऱ्यास व्याख्यानास बोलाविले. विषय होता ‘अन्नधान्याची परिस्थिती’. ते आकडे घेऊन आले होते, बोललेही व्यवस्थित. भाषण संपताच स्त्रियांच्या बाजूने एक प्रौढ बाई उठल्या. त्यांनी पदरात बांधून आणलेले मूठभर धान्य देवापुढच्या ताम्हनात ओतले आणि म्हणाल्या, “साहेब, निवडून बघा. आणि हे पाच किलो म्हणून मिळतं, ते घरच्या काट्यावर साडेचार भरतं. गणपती समोर आहे, खोटं नाही बोलत.”

मांडवात शांतता पसरली. त्या अधिकाऱ्याने ताम्हन जवळ ओढले, बोटांनी धान्य पसरून पाहिले. खडे होते, काडीकचरा होता. ते म्हणाले, “बाई, धान्य कसलं यावं हे माझ्या हाती नाही. वजन मात्र माझ्या हाती आहे.” दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता ते दुकानाच्या दारात उभे होते, आणि त्या महिन्यापुरता तरी काटा सरळ झाला. त्यांच्या भाषणातील एकही आकडा आज आम्हांस आठवत नाही. ताम्हनातील ते तांबडे दाणे आठवतात.

या प्रसंगानंतर आमच्या मंडळाची व्याख्याने परिसरात नावाजली गेली आणि नावाबरोबर पैसा आला. जे पुढे घडले त्याचा दोष आम्ही दुसऱ्या कोणावर टाकू शकत नाही, कारण त्या सुमारास मंडळाचे कार्यवाह आम्हीच होतो.

एका वर्षी एका कारखानदारांस पाचारण केले. विषय ‘उद्योग आणि राष्ट्र’. गृहस्थ कर्तबगार होते, वक्तृत्वही चांगले होते, आणि त्या वर्षीच्या मांडवाचा व रोषणाईचा बहुतेक खर्च त्यांनीच उचलला होता. भाषणानंतर आमच्याच आळीतील एक तरुण उभा राहिला. तो त्यांच्याच कारखान्यात कामाला होता आणि तेथे दोन महिन्यांपासून टाळेबंदी होती. तो एवढेच म्हणाला, “मला विचारायचं आहे की दरवाजा केव्हा उघडेल?” प्रश्नात उद्धटपणा नव्हता. आवाजही चढलेला नव्हता. पाहुण्यांनी आमच्याकडे पाहिले आणि आम्ही ध्वनिक्षेपक हाती घेऊन सांगितले, “आरतीची वेळ झाली आहे, प्रश्न पुन्हा कधीतरी.”

आरतीला अजून पाऊण तास होता. हे मांडवातील लहान पोरासही ठाऊक होते.

त्या संध्याकाळी निरांजने वेळेआधी लागली, झांजा वाजल्या, पाहुण्यांच्या हस्ते आरती झाली, आणि आम्ही देवाच्या आड लपलो. दुसऱ्या दिवशी त्या तरुणाच्या घरून येणारा एकवीस मोदकांचा नैवेद्य आला नाही. त्याच्या पुढच्या वर्षीही आला नाही. त्याची आई आम्हांस रस्त्यात भेटे, नेहमीसारखी बोले, मुलाबाळांची विचारपूस करी. मांडवाचा विषय मात्र निघत नसे. काढण्याचे धैर्य आम्हांसही झाले नाही.

वर्गणी देणारा तोच वक्ता, हा आजकाल बहुतेक ठिकाणचा रिवाज झाला आहे. नोंदणी नसलेल्या मंडळास उत्सवाची वर्गणी गोळा करावयाची तर सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम ४१ क खाली धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयाची परवानगी घ्यावी लागते. त्यामुळे जमाखर्चाचे कागद निदान असतात तरी. परंतु पैशाबरोबर आलेले मौन कोणत्याही जमाखर्चात दिसत नाही. चौकातील फ्लेक्स फलकावर गणराय अंगठ्याएवढे आणि पाहुणे पुरुषभर उंच, हे चित्र पाहून ज्यांना वाईट वाटते त्यांनी वाईट वाटून घ्यावेच. पण फलक उतरविता येतो. मांडवात प्रश्न विचारण्याची मोडलेली सवय परत लावणे अवघड असते. नाशिकला गोदाघाटावर यशवंतराव महाराज पटांगणात वसंत व्याख्यानमालेसाठी माणसे उघड्यावर येऊन बसतात, हे आम्ही पाहिले आहे. ऐकणारे नाहीत असे कोणी म्हणू नये.

आमच्या मंडळास थोडी वाट सापडली ती गुरुजींमुळे. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० साली आले आणि रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक बंद करणे भाग पडले. उत्सवातील काही ठराविक दिवशी शासन मध्यरात्रीपर्यंत सवलत देते, पण ती दररोज नसते. असल्याच एका बिनसवलतीच्या दिवशी एक मोठे पुढारी यावयाचे होते. सातची वेळ दिलेली, आठ वाजून गेले. आरती त्यांच्या हस्ते व्हावयाची म्हणून तबक तयार करून ठेवलेले. कापूर दोनदा बदलला. लहान मुले पेंगू लागली. तेव्हा आमचे वृद्ध गुरुजी उठले आणि नव्या कार्यवाहांस म्हणाले, “अहो, साहेबांना यायला उशीर होऊ शकतो, मोठी माणसं आहेत. देव मात्र वेळेवर आलेला आहे.” आणि त्यांनी घंटा हाती घेतली. तबक त्यांनी पहिल्या रांगेत बसलेल्या, रोज पहाटे मांडव झाडणाऱ्या मावशींच्या हाती दिले.

आरती अर्ध्यावर आली असता पुढारी आले. कार्यकर्ते वाट करून देण्यासाठी पुढे धावले. त्यांनी हाताने थांबविले, चपला काढल्या आणि सर्वांच्या मागे उभे राहून टाळ्या वाजवू लागले. त्यांच्याविषयी आमचे मत फारसे चांगले नव्हते, म्हणून हे मुद्दाम नमूद करतो. नंतर ते वीस मिनिटे बोलले, लोकांनी पाऊण तास प्रश्न विचारले, आणि दहाला पाच मिनिटे असताना त्यांनीच घड्याळ दाखविले. ड्रेनेजच्या प्रश्नावर ते दोनदा निरुत्तर झाले. निरुत्तर झालेला पुढारी लोकांस आवडतो, ही गोष्ट पुढाऱ्यांस कोणी सांगत नाही असे दिसते.

तेव्हापासून आमच्याकडे काही गोष्टी पाळल्या जातात. त्या वर्षी ज्याची मोठी देणगी, त्यास त्या वर्षी व्याख्यान नाही. आरती पाहुण्यांच्या हस्ते नाही. ती वाड्यावाड्यांत पाळीने फिरते. वक्त्यास श्रीफळ आणि प्रसाद, शाल नाही. यावरून दोन जुने सभासद रुसून गेले आणि वर्गणीही घटली. रोषणाई पूर्वीच्या निम्मी असते. कोपऱ्यावरच्या मंडळाचा झगमगाट पाहून आमची पोरे हळहळतात, त्यांचा दोष नाही.

त्या तरुणाची आई आता नाही. तो स्वतः निवृत्तीच्या वयाचा आहे आणि त्याचे बिऱ्हाड उपनगरात गेले आहे. गेल्या वर्षी आम्ही त्याच्याकडे जाऊन, तेव्हा आरतीची वेळ झालेली नव्हती, एवढे सांगितले. तो म्हणाला, “काका, मला ते तेव्हाच माहीत होतं.” चहा झाला. नातवंडांची चौकशी झाली. मांडवात येण्याचे आमंत्रण आम्ही दिले. येतो असे तो म्हणाला नाही, येत नाही असेही म्हणाला नाही.

यंदा तीन व्याख्यानांची पत्रे गेली आहेत : पाणीपुरवठा पाहणारे एक अधिकारी, एक लोकप्रतिनिधी आणि लघुउद्योग चालविणाऱ्या एक भगिनी. पत्रात लिहिले आहे : भाषण ४० मिनिटे, प्रश्न ४० मिनिटे, साडेआठला आरती. लोकप्रतिनिधींच्या कार्यालयाचे उत्तर अद्याप नाही. उद्योजिकाबाईंनी होकार कळविला आहे. पाणीपुरवठ्याच्या साहेबांनी दूरध्वनी करून एवढेच विचारले, की प्रश्न आधी लिहून मिळतील काय. नाही म्हणून सांगितले. थोडा वेळ थांबून ते म्हणाले, “बरं, येतो.”